लात्व्हियाच्या आजोबांची एकमेव वाचक

विद्याताई,

परवा तुम्हाला निरोप देऊन आलो तेव्हापासून मी घरात धड बोललेलो नाही. माझ्यासारखा तोंडाळ माणूस गप्प झाला की केतकीला वाटतं, ताप आला. तिने दोनदा कपाळाला हात लावून पाहिला आणि मग नाद सोडला. बायको असली तरी तिला अजून मी काही सांगितलेलं नाही. ते आधी तुम्हाला सांगायला हवं होतं, आणि ती वेळ मी घालवून बसलो.

इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर तुमच्याबद्दल कालपासून सारखं येतंय. कुणी लिहिलंय, ताईंनी शाळेची पत्रं वाचून दाखवली. कुणी लिहिलंय, ताईंनी ड्रायव्हिंगची परीक्षा पास करून घेतली. मलाही चार ओळी लिहायचा आग्रह झाला, 'तू लिही, तुला छान बोलता येतं' म्हणून. ते वाचलं आणि फोन उलटा ठेवून दिला. माझ्या छान बोलण्याचा प्रसाद तुम्हाला काय मिळाला, ते त्या ग्रुपमधल्या निम्म्या लोकांनी स्वतः पाहिलंय. तेव्हा ते हसले होते, म्हणून आता कुणाच्या लक्षात नाही.

आपली ओळख कचऱ्यावरून झाली. जपानात, त्सुकुबात येऊन आम्हाला जेमतेम दोन आठवडे झाले होते. जळणाऱ्या कचऱ्याच्या दिवशी मी प्लास्टिक ठेवून आलो, आणि संध्याकाळी पाहतो तर माझी पिशवी तिथेच, वर लाल स्टिकर. मी मराठीत एक शेलकी शिवी हासडली. शेजारी सायकल थांबली. तुम्ही उतरलात, स्टिकर वाचलंत आणि विचारलंत, "पुण्याचे का?" मी हो म्हटलं. "मग समजावून सांगायला वेळ लागेल," म्हणालात, आणि खरोखर अर्धा तास रस्त्यात उभं राहून मला कोणता कचरा कोणत्या वारी ते सांगितलंत. त्याच दमात घरी बोलावून पिठलं-भात खाऊ घातलात. सांगलीच्या बाईकडून पुणेरी माणसाने टोमणे खावेत आणि वर दुसऱ्यांदा भात मागावा, असं आमचं सुरू झालं.

सांगलीला तुम्ही कॉलेजात इतिहास शिकवत होतात. काकांना इथल्या संस्थेत संशोधनाची नोकरी मिळाली, तुम्ही राजीनामा दिलात, आणि पुढची कितीतरी वर्षं सुपरमार्केटच्या तळणाच्या विभागात कागदी टोपी घालून बटाट्याची क्रोकेट तळलीत. याबद्दल तुम्ही कधी कुरकुर केल्याचं मला आठवत नाही. काका एकदा म्हणाले, हिच्या हाताखाली शिकलेली पोरं आता प्राध्यापक आहेत. तुम्ही लगेच विषय बदललात, आणि मीही तो बदलू दिला.

तुमचा इतिहास शिल्लक राहिला होता तो त्या एका माणसात. आमच्या घरात त्यांना 'लात्व्हियाचे आजोबा' म्हणायचे. त्यांचं खरं नाव मला आजही नीट उच्चारता येत नाही, हे इथेच कबूल करतो. परदेशी लोकांसाठीच्या जपानीच्या वर्गात तुमच्या बाकावर इल्झे बसायची, तीही तुमच्यासारखीच नवऱ्यामागून आलेली, आता क्योतोला असते. आजोबा तिचे. दोन महायुद्धांच्या मधली जी काही वर्षं तिचा देश स्वतंत्र होता, त्यात ते संसदेत होते. त्यांनी एकच विषय लावून धरला होता: ज्या घरात जी भाषा, ती त्या घरच्या मुलाला शाळेत मिळाली पाहिजे, मग ती बोलणारी माणसं गावात मूठभर का असेनात. पुढे सोव्हिएत सैन्य आलं, आजोबांना घरातून उचलून सायबेरियात नेलं आणि ते परत आले नाहीत. त्यांचं थडगं कुठे आहे ते कुणाला माहीत नाही.

तुम्ही शनिवारचा मराठीचा वर्ग काढलात तो या आजोबांमुळे. वस्तीच्या सभागृहातली ती वरची खोली, सात-आठ पोरं, त्यात आमची रेवा. सहा वर्षांची असताना ती माझ्याशी फक्त जपानीत बोलायची, मी हताश व्हायचो आणि आवाज चढवायचो. तुम्ही कधी आवाज चढवला नाहीत. वर्षभरात पोरगी आजीला फोनवर 'अगं ऐक तरी' म्हणायला लागली. माझी आई चिंचवडला त्या दिवशी रडली होती. याचे आभार मी मानले होते का? मानले असतील, एखादा विनोद करून. मला दुसरं काही येत नाही.

आता माझ्या कामाबद्दल. तुम्हाला ठाऊकच होतं, पण तुम्हाला सांगताना मी ते फार रंगवून सांगायचो, म्हणून एकदा सरळ सांगतो. आमची साइट जगातल्या नावाजलेल्या माणसांना नंबर देते. कुणाबद्दल किती वेळा वाचलं जातं, किती भाषांमध्ये वाचलं जातं, त्यावरून नंबर ठरतो. मग पानाच्या तळाशी आपोआप वाक्यं येतात: हे गृहस्थ राजकारण्यांमध्ये इतकावे, आपल्या देशात इतकावे, यांच्या वर अमुक, खाली तमुक, यांच्याच वर्षी जन्मलेल्यांमध्ये हे इथे. ती वाक्यं जुळवणारा प्रोग्राम माझा. हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही विचारलंत, आमचे आजोबा आहेत का त्यात? सुपरमार्केटच्या मागे, तुमच्या सुट्टीत, टोपी काढून हातात धरून तुम्ही माझ्या फोनमध्ये वाकून पाहत होतात. आजोबा निघाले. छोटासा फोटो, चार ओळी आणि त्यांच्या देशाच्या राजकारण्यांत खालून तिसरा नंबर. मला हसू आलं होतं. तुम्ही मात्र म्हणालात, "आहेत रे, आहेत," आणि तिथूनच इल्झेला फोन लावलात.

मग त्या वर्षीचा मंडळाचा गणपती. कार्यक्रमात दरवेळची गाणी आणि पोरांची वेशभूषा, त्यात मध्येच तुमचं भाषण ठेवलेलं, पंधरा मिनिटं, आजोबांवर. सूत्रसंचालक अर्थातच मी. तुम्ही नऊवारी नेसून आला होतात, कागद हातात नव्हता. तुम्ही बोलायला लागलात आणि लोक मोबाइल काढायला लागले. मला वाटलं कार्यक्रम पडतोय, सावरायला हवा. देवाशपथ सांगतो, मी तेव्हा सावरतोय असंच समजत होतो. तुम्ही पाणी प्यायला थांबलात तेवढ्यात मी माइक घेतला आणि लॅपटॉप पडद्याला जोडला.

डावीकडे तुमचे आजोबा. उजवीकडे पुण्यातल्या आमच्या वॉर्डातला नगरसेवक, ज्याचं आयुष्यभराचं कर्तृत्व म्हणजे चौकाचौकात लावलेले स्वतःच्या वाढदिवसाचे फ्लेक्स. आणि नगरसेवक वरच्या नंबरला. हशा पिकला. हशा मिळाला की मी थांबत नाही, हे माझ्या आईलाही ठाऊक आहे. मी पुढचं चित्र टाकलं, जे ऑफिसबाहेर दाखवायला मला परवानगीच नव्हती: आजोबांचं पान कुठून वाचलं जातं त्याचा नकाशा. अख्ख्या जगावर एक ठिपका. त्सुकुबा. मी म्हणालो, "मंडळी, या थोर नेत्याला जगात एकच वाचक आहे, आणि आपलं भाग्य असं, की ती वाचक आज नऊवारीत आपल्यासमोर उभी आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुम्हीही हसलात. "खरंय, त्यांना फ्लेक्स लावता आले नाहीत," म्हणालात, आणि उरलेलं भाषण दोन मिनिटांत आटोपून खाली बसलात.

नंतर खुर्च्यांच्या घड्या घालताना तुम्ही माझ्याजवळ आलात. रागावला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही अगदी वर्गात विचारावं तसं विचारलंत, "किती जणांनी पाहिलं यालाच तुम्ही किंमत देता. एकाने किती वेळा पाहिलं, त्याला काहीच अर्थ नाही का?" मी म्हणालो, "ताई, एकच माणूस हजारदा बघायला लागला तर त्याला प्रसिद्धी नाही, वेड म्हणतात." तुम्ही खुर्ची भिंतीला लावलीत आणि म्हणालात, "असेल." तो वाद आपण पुढे कधी काढलाच नाही. मला वाटायचं, मी जिंकलो.

इथवरचं सगळ्यांसमोर झालं. यापुढचं मी एकट्याने केलं.

कार्यक्रमानंतरच्या मीटिंगमध्ये आमच्या विभागप्रमुखांनी विचारलं, कुणाकडे काही सुधारणा? माझ्या डोक्यात तो ठिपका होता. मी म्हणालो, इंटरनेटच्या एकाच पत्त्यावरून कुणी एखादं पान पुन्हा पुन्हा उघडत असेल, तर ते वाचन अजिबात मोजू नये, त्याने यादी बिघडते. सगळ्यांना पटलं. पटण्यासारखंच होतं, नियम म्हणून त्यात आजही मला खोट दिसत नाही. पण मला उदाहरण मागितलं तेव्हा मी हजार पानांतून तुमच्या आजोबांचं पान दिलं, कारण ते तोंडावर होतं, आणि कारण त्यावर पुन्हा एकदा हसू मिळालं असतं. जपानी सहकारी हसले नाहीत. त्यांनी ते लिहून घेतलं. पंधरा दिवसांत आजोबांचं वाचन शून्यावर आलं, आणि शून्यावर आलेली पानं साइटवर राहत नाहीत.

तुम्ही पहिल्यांदा विचारलंत तेव्हा शनिवार होता, मी रेवाला सोडायला आलो होतो. "अरे, आजोबा दिसत नाहीत." मी म्हणालो, "तांत्रिक अडचण आहे ताई, येतील." जीभ जराही अडखळली नाही. दुसऱ्यांदा सुपरमार्केटमध्ये, काउंटरवरून क्रोकेटची पिशवी माझ्या हातात देताना. मी म्हणालो, सिस्टीम बदलतेय. तिसऱ्यांदा सिग्नलला, तुम्ही सायकलवर, मी गाडीत, मी काच खाली केली आणि सर्व्हरचं काम चाललंय म्हणून ठोकून दिलं. सिग्नल सुटला याचा मला कोण आनंद झाला. नंतर नंतर तर सुपरमार्केटमध्ये तुमची टोपी दिसली की मी भाजीच्या बाजूने काढता पाय घ्यायचो. केतकी म्हणायची, ताईंना भेटला नाहीस बरेच दिवसांत. मी ऑफिसवर ढकलायचो.

चौथ्यांदा हॉस्पिटलमध्ये. तुम्ही इतक्या वाळला होतात की मी आधी पलीकडच्या पलंगाकडे गेलो. रेवाने तुम्हाला तिची मराठी गोष्ट वाचून दाखवली, तुम्ही डोळे मिटून ऐकलीत आणि दोन चुका काढल्यात. मग ती पाणी आणायला बाहेर गेली आणि तुम्ही माझ्याकडे वळलात. "आजोबांचं काय झालं रे?" खोलीत मराठी कळणारं दुसरं कुणी नव्हतं. ऐकणारं कुणी नव्हतं, हसणारं कुणी नव्हतं. इतकी सोपी वेळ मला पुन्हा मिळणार नव्हती. मी म्हणालो, "होईल ताई. चालू आहे काम." तुम्ही उशीवर मान सरळ केलीत. मग म्हणालात, "बरं," आणि रेवाच्या शाळेबद्दल विचारायला लागलात.

परवा स्मशानगृहातल्या त्या वरच्या खोलीत आम्ही सगळे थांबलो होतो. इथे तासभर तरी थांबावं लागतं, चहा देतात, कागदात गुंडाळलेली मिठाई देतात, लोक हळू आवाजात हवापाण्याबद्दल बोलतात. इल्झे सकाळच्या गाडीने क्योतोहून आली होती. ती माझ्यासमोर येऊन बसली, मान लववली आणि इंग्रजीत म्हणाली की विद्याकडून तुमच्याबद्दल खूप ऐकलंय. मग विचारलं, "माझ्या आजोबांचं पान परत कधी येईल? आई विचारत असते."

ताई, खाली तुम्ही होतात. आणि मी म्हणालो, "लवकरच. थोडी तांत्रिक अडचण आहे."

तिने कप खाली ठेवला. म्हणाली, विद्याने सांगितलं होतं, तू विचारलंस तर तो हेच म्हणेल. मग सगळं सांगितलं, आवाज जराही न चढवता. पान गेलं त्याच आठवड्यात तुम्ही आमच्या साइटचं नियमांचं पान उघडून वाचलं होतंत. आमच्याकडे पद्धत आहे, प्रत्येक नियमाखाली तो कुणी सुचवला त्याचं नाव आणि दिलेलं उदाहरण छापायचं, जगाला दिसेल असं. जपानीत. मला ते वाचता येत नाही. मी इंग्रजीत लिहून देतो, दुसरं कुणीतरी जपानीत करतं. आणि क्रोकेट तळणारी माझी ताई ते वाचेल, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. घरात आलेलं प्रत्येक जपानी पत्र मी वर्षानुवर्षं तुमच्याकडूनच वाचून घेत होतो, तरीही आलं नाही. इल्झेला कंपनीला पत्र लिहायचं होतं. तुम्ही अडवलंत. तिने तुमचे शब्द जसेच्या तसे सांगितले: "मुलगा चांगला आहे, जीभ वाईट आहे. तो आपणहून सांगेल. मी अधूनमधून विचारत जाईन, म्हणजे त्याला सांगायला सोपं जाईल."

मेल्याहून मेल्यासारखं झालं असं आपण येताजाता म्हणतो. त्या खोलीत बसून ते मनातसुद्धा म्हणायची मला लाज वाटली.

आणि तो ठिपका. इल्झेची आई तिकडे लात्व्हियात, रीगाला असते, नव्वदी ओलांडलेली. वडिलांना नेलं तेव्हा ती लहान मुलगी होती. त्यांच्या पानावर 'या आठवड्यात इतक्यांदा वाचलं गेलं' असा आकडा यायचा, आणि दर रविवारी फोनवर म्हातारी इल्झेला पहिल्यांदा तो आकडा विचारायची, आणि इल्झेला तो तुम्ही कळवायचात. जिथे फूल ठेवायचं असं थडगं नाही, तिथे एवढं होतं, की जगात कुणीतरी आपल्या वडिलांबद्दल वाचतंय. म्हणून तुम्ही रोज, सुट्टीत, हात पुसून, आजोबांचं पान उघडायचात. एकदा नाही, अनेकदा. मी विचारलं, आता आईला काय सांगता? इल्झे म्हणाली, आकडा मी मनाने सांगते.

मग खालून बोलावणं आलं. अस्थी दोघांनी मिळून चॉपस्टिकने उचलायच्या असतात. काकांनी जोड्या लावल्या आणि त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत, मला इल्झेबरोबर उभं केलं. माझ्या काड्यांतून अस्थी निसटायला लागली. तिने आपल्या काड्या माझ्या काड्यांच्या खाली धरल्या आणि तुमची अस्थी पडू दिली नाही.

सोमवारी मी ऑफिसात नियमाविरुद्ध अर्ज देणार आहे. मान्य होईल असं वाटत नाही, नियम तसा बरोबरच आहे. पण कारण लिहायला जागा असते, तिथे नकाशा हॉलमध्ये दाखवल्यापासून सगळं लिहिणार आहे. रीगाला लिहायचं की नाही ते इल्झे ठरवेल. हे मी तुम्हाला शाबासकीसाठी सांगत नाही. तुम्ही मला चार वेळा वाट करून दिलीत, आणि मी बोलतोय ते आता.

काल दुपारी मी नियमांचं ते पान उघडलं. अक्षरं दिसत होती, वाचता येत नव्हती. शेवटी रेवाला हाक मारली. अकरा वर्षांची आहे, तुम्हाला ठाऊकच आहे, जपानी तिला पाण्यासारखी येते. तिला म्हटलं, हे मराठीत सांग. ती माझ्या खुर्चीच्या हाताला टेकून वाचायला लागली आणि पहिल्याच ओळीला म्हणाली, "बाबा, इथे तुझं नाव आहे. पुढे मानाचं 'सान' पण लावलंय." तिला मजा वाटली. मग तुमच्या वर्गातल्या मराठीत, एकेक शब्द जुळवत पुढे सांगितलं, "उदाहरणार्थ, लात्व्हियाच्या एका राजकारण्याचं पान एकच वाचक रोज उघडतो. असं वाचन खरं वाचन समजू नये." तिने विचारलं, "कोण आहे हा वाचक?"

मी सांगितलं, विद्या आजी.

तिने पुन्हा पडद्याकडे पाहिलं, माझ्या नावाकडे. "आणि हे तू आजीला सांगितलंस?"

"नाही," मी म्हटलं.

ती खुर्चीपासून बाजूला झाली, जपानीत काहीतरी म्हणाली, हळू, छोटंसं एकच वाक्य, आणि आपल्या खोलीत गेली. मला त्यातला एक शब्दही कळला नाही, ताई. एरवी ती घरात जपानीत बोलली की मी लगेच ओरडतो, मराठीत सांग. काल नाही ओरडलो.